न वाजणारी जांभळी डबी

तीर्थरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला बरं पडतं. खरोखर वाकले तर गुडघा परत उठू देत नाही.) तुमची मान आता कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावता, की तो अजून खुंटीच्याच गळ्यात आहे? भावोजींचा खोकला उतरला असेल अशी आशा करते. त्यांनी तंबाखू सोडल्याचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून आनंद झाला. भावोजींकडून तसं काही कळलेलं नाही, म्हणून तूर्त निम्माच आनंद मानला आहे. धाकटीला आशीर्वाद. तिला म्हणावं, लग्न ठरल्यापासून मामीला एक ओळ लिहिली नाहीस, हे चांगलं लक्षण आहे. मुलगा आवडलेला दिसतो.

तुमचं पत्र मिळालं. लग्नाला ये, हे पहिल्याच ओळीत होतं. थोरलीच्या लग्नात केली होती तशीच तुझ्या जेवणाची सोय कोठीच्या खोलीत केली आहे, तिथे निवांत वाटतं, हे मधे कुठेतरी. आणि व्याही मंडळींनी विचारलंच तर तुझा नवरा हृदयविकाराने गेला असं सांग, हे अगदी शेवटी, खाली जागा उरली नसताना, कडेने आडवं लिहिलेलं. कोठीची खोली निवांत आहे याबद्दल माझं दुमत नाही. थोरलीच्या वेळी मी तिथे धान्याच्या पोत्यांबरोबर जेवले. पोती स्वभावाने शांत असतात. दाराबाहेर धाकटी 'मामी कुठे आहे, मामी कुठे आहे' म्हणून विचारत फिरत होती आणि तुम्ही तिला सांगत होतात की मामी आवरते आहे. तर या खेपेला यायचं की नाही, ते ठरवून पत्राच्या शेवटी लिहिते. आधी इथला गोंधळ सांगितल्याशिवाय मला ते उत्तर लिहिता यायचं नाही.

पण त्याआधी हृदयाचं. वन्सं, तुम्ही ते कशापोटी लिहिलंत ते मला कळतं. मुलीचं लग्न, नवी सोयरीक, आणि एचआयव्ही म्हटलं की माणसं भरल्या ताटावरून उठतात. पण ह्यांचं काय काय बिघडलं होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. फुप्फुसं गेली, पोट गेलं, नजर गेली. शेवटी जिभेची चव गेली तेव्हा चिडून मला म्हणाले, आता तुझ्या स्वयंपाकाला नावं कशी ठेवू? हृदय तेवढं शेवटपर्यंत धड होतं. डॉक्टर छातीला नळी लावून दरवेळी म्हणायचे, हार्ट एकदम उत्तम. एवढा एक अवयव बिचारा इमानाने राहिला, आणि आता आपण सगळं त्याच्याच डोक्यावर फोडायचं? गोळ्या तेव्हा आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. त्या ह्यांच्या मागून आल्या. मी त्या घेते म्हणून हे पत्र लिहायला आहे. याच्यापुढे त्या विषयावर लिहीत नाही, कारण लिहायला लागले की कागद पुरत नाही आणि हाती काही लागत नाही.

विहीणबाईंना तुम्ही मी 'परदेशी कंपनीत अधिकारी' आहे असं सांगितलंत म्हणे. ते खोटं नाही. संस्था परदेशी आहे, आणि दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'कार्यक्रम अधिकारी' लिहिलेलं आहे. मात्र ऑफिस टायरच्या दुकानावर आहे, जिना लोखंडी आहे आणि एका वेळी एकच माणूस चढू शकतो, त्यामुळे वरून उतरणाऱ्याने खालच्याला 'थांबा हो' म्हणून हाक मारायची असा नियम आहे. येणाऱ्यांना संकोच वाटू नये म्हणून संस्थेची पाटी मुद्दाम बारीक अक्षरांत केली आहे. ती इतकी बारीक आहे की नवा माणूस ती वाचायला नाक लावून उभा राहतो आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना कळतं, हा कशाला आलाय. माझ्या आधी या जागेवर मोठ्या पदवीची एक मुलगी होती. ती याहून मोठी पदवी घ्यायला निघून गेली. तोवर मी तिच्या हाताखाली नव्या आजाऱ्यांशी बोलायचं काम करायची. मला बढती देताना मुलाखतीत विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले कागद असतात ना, त्यांवर वाचायला शिकले. ह्यांच्या खाटेशी बसून दुसरं वाचायला होतंच काय? त्यामुळे मला 'अतिसार' आधी वाचता आला आणि 'आनंद' बऱ्याच दिवसांनी. पुढे पुस्तकं वाचायला लागले, पण अजूनही कोणतंही पुस्तक हाती घेतलं की आधी शेवटचं पान बघते, 'दुष्परिणाम' काय लिहिलेत ते.

आमच्या इथल्या मुख्य माणसाला सगळे टक्के साहेब म्हणतात. कुणी वारलं असं सांगितलं तरी त्यांच्या तोंडून आधी 'किती टक्के?' असं जातं आणि मग त्यांना वाईट वाटतं. वाईट अगदी मनापासून वाटतं, माणूस चांगला आहे. फक्त वरून परदेशातून रोज टक्के मागतात, आणि हे देतात. टक्के त्यांचे, टोणपे आमचे, अशी वाटणी आहे.

तर एकदा बैठकीत टक्के साहेबांनी विचारलं की लोक गोळ्या का चुकवतात? सगळ्यांनी बैठकीत सांगायची उत्तरं सांगितली. ज्ञानाचा अभाव, जागृतीचा अभाव, असे बरेच अभाव झाले. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, बाटली वाजते. साहेब म्हणाले, म्हणजे? मी पर्समधून माझी बाटली काढली आणि लहान मुलासमोर खुळखुळा हलवतात तशी त्यांच्यासमोर हलवली. बसमध्ये पिशवी हलली की ही वाजते. सासरी ट्रंक उघडली की वाजते. मग सासू विचारते, काय गं वाजलं? म्हणून आमच्या बायका बाटलीत कापूस कोंबतात. कापूस ओला झाला की गोळ्या विरघळतात, आणि कापूस नसला की घरात गोळी घ्यायचीच चुकवतात. साहेबांचं पेन थांबलं. ते पेन मी त्याआधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

काही महिन्यांनी परदेशातून खोकी आली. खोक्यांत डब्या. तळहाताएवढ्या, आतून मऊ कापडाचं अस्तर, झाकण लागताना सुद्धा आवाज नाही. सोबत चिठ्ठी होती की कल्पना आपल्या कार्यालयाची आहे आणि ती आता इतरत्रही नेणार आहोत. मी एक डबी गोळ्या भरून कानाशी धरून हलवली. गप्प. इतकी गप्प की आत गोळी आहे की नाही ते उघडून बघावं लागायचं. रंग जांभळा. रंग आम्हाला आधी कळवून विचारला होता, आणि जांभळा मीच म्हटलं होतं. ह्यांचा तसा एक शर्ट होता. (तुम्हीच घेऊन दिला होता. त्यांना तो आवडत नसे, पण तुम्ही येणार असलात की घालायचे.) माझ्या हट्टाने सगळ्या डब्या त्याच रंगात आल्या आणि आम्ही त्या सगळ्या आजाऱ्यांना एकाच आठवड्यात वाटल्या. मी इतकी खूश होते की जिन्यावर दोनदा 'थांबा हो' म्हणायला विसरले.

आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात आवाज बसला होता. लोकांना कानांखेरीज डोळेही असतात, हे ना साहेबांना सुचलं, ना परदेशातल्यांना, ना मला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आम्ही गावातल्या सगळ्या झाकल्या मुठी जांभळ्या रंगवून दिल्या.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आमच्या घरमालकीणबाईंच्या. मी ज्यांच्या माडीवर राहते त्या. मनातल्या मनात मी त्यांना भोंगा म्हणते. त्या दिवसभर रस्त्याकडच्या पायरीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. माझा आजार त्यांना माहीत आहे, मी तो कुणापासून लपवत नाही. त्यांनी मला खोली दिली, पण अंगणातला माझा नळ वेगळा. तर त्यांनी पायरीवर बसून हिशेब मांडला. चहावाल्याकडे जांभळी डबी. पोस्टाजवळच्या शिवणवालीकडे जांभळी डबी. रिक्षावाल्याच्या खिशात जांभळी डबी. आणि तिन्ही माणसं टायरच्या दुकानावरचा जिना चढतात. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुसऱ्या दिवशी बाजाराला.

सगळ्यात जास्त शिवणवालीवर आलं. तिने आपलं दुखणं बहिणीला सुद्धा सांगितलं नव्हतं. मशीनपाशी कात्रीशेजारी डबी ठेवलेली असायची, कारण ती वाजत नाही म्हणून लपवायची गरज नाही असं आम्हीच तिला सांगितलं होतं. गिऱ्हाइकं आली आणि आपापलं कापड उचलून गेली. एकीने तर एकच बाही लावलेला झगा तसाच ओढून नेला. (दुसरी बाही अजून शिवणवालीकडेच आहे. मागायला यावं तर लाज, न मागावी तर झगा लंगडा.) शिवणवाली ऑफिसात आली, रडली बिडली नाही, डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ही तुमची तुम्हाला घ्या. मला माझा कापूस परत द्या."

डब्या परत मागवाव्यात तर परत करायला येणारा माणूसही जिना चढतानाच दिसणार. मग मला एकच सुचलं. डबी आजाऱ्याची ओळख झाली आहे ना, तर ती सगळ्यांनाच देऊन टाकू. मी उरलेल्या डब्या पिशवीत भरून निघाले. शाळेच्या मोठ्या बाईंना त्यांच्या थायरॉइडच्या गोळ्यांसाठी दिली. बँकेच्या साहेबांना लवंगांसाठी. दवाखान्यातल्या नर्सने कानातली ठेवायला दोन घेतल्या. मोठ्या माणसांच्या हाती डबी दिसली की छोट्यांना हवीशी होते, एवढं मला जगाचं कळतं. उरला भोंगा. तो वाजल्याशिवाय बाजाराला पटणार नव्हतं. पण घरमालकीणबाई डबीला हात लावीनात. "तसली डबी माझ्या उंबऱ्यात नको," म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे, ही तुम्हाला देताही यायची नाही. ही ज्यांचं बीपी खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी आहे. तुमचं आपलं साधंच.

"साधं?" त्या पायरीवरून उठल्याच. "माझं साधं? अगं, डॉक्टरने मशीन दोनदा लावलं! पहिल्यांदा त्याला वाटलं मशीनच बिघडलंय!"

मी म्हटलं, असेल, पण नियम आहेत. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माडीवर आल्या, आणि डबी घेऊन खाली गेल्या. आठवडाभर त्यांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. 'परदेशातून येते. ज्याला त्याला देत नाहीत.' वन्सं, त्यानंतर ऑफिसच्या जिन्यावर रांग लागली. कुणाला सुया ठेवायला, कुणाला चष्म्याचे स्क्रू. आमचा रिक्षावाला तर सांगत होता की त्याला एका गिऱ्हाइकाने त्याच्या डबीच्या बदल्यात छत्री देऊ केली. शिवणवालीकडे कापडं परत यायला लागली. मी म्हटलं, सुटलो.

सुटलो कुठले! परदेशात डब्यांचा हिशेब असा होता की डबी गेली म्हणजे आजारी माणूस सापडला. आम्ही इतक्या डब्या वाटल्या की तिकडच्या कागदावर इथला निम्मा गाव आजारी झाला. टक्के साहेबांनी आयुष्यात असे टक्के पाहिले नव्हते. वरून अभिनंदनाची तार यावी तसं पत्र आलं की लपलेल्या रुग्णांपर्यंत पोचण्याचं एवढं काम दुसऱ्या कोणत्याही कार्यालयाने केलेलं नाही, आणि मोठे साहेब स्वतः बघायला येत आहेत. मी टक्के साहेबांना म्हटलं, खरं कळवून टाका. ते म्हणाले, कळवलं, पण त्यांचं तिकीट काढून झालं होतं.

मोठे साहेब आले. उंच गृहस्थ, डोळ्यांत दया घेऊनच उतरलेले. दुभाष्याचं पोट बिघडल्यामुळे मला उभं केलं. माझं इंग्रजी औषधाच्या कागदांतलं, 'जेवणानंतर घ्यावे' आणि 'मुलांपासून दूर ठेवावे' या वळणाचं, पण भागतं. आम्ही गल्लीत शिरलो तर समोर पायरीवर घरमालकीणबाई, मांडीवर जांभळी डबी, आणि नेमकी गोळीची वेळ. मोठे साहेब थबकले. खाली बसले, चक्क पायरीवर, आणि बाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले की तुम्ही फार धीराच्या आहात. मी ते सांगितलं. घरमालकीणबाईंना आपल्या बीपीचं असं कौतुक करणारं माणूस जन्मात भेटलं नव्हतं. त्या मोकळ्या झाल्या.

"त्यांना सांग, मला हे नवऱ्यामुळे झालं. लग्नाआधी मला काही म्हणजे काही नव्हतं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. मग विचारलं की नवराही औषध घेतो का?

"तो कशाला घेईल? तो फक्त देतो!"

मी हेही सांगितलं. आणि लगेच, अगदी स्पष्ट, हेही सांगितलं की सर, या बाईंना बीपी आहे, त्या त्याबद्दल बोलतायत. मोठे साहेब हळहळले. म्हणाले, अरेरे, तेही आहे का? आणि वहीत तेही लिहून घेतलं. मी पुन्हा सांगितलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांना वाटलं मी तिची अब्रू झाकते आहे. मग फोटो काढू का म्हणून विचारलं. घरमालकीणबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "काढा की. उजवीकडून काढा, डावीकडे दात नाही."

संस्थेची वर्षाची पुस्तिका छापून आली तेव्हा पहिल्या पानावर घरमालकीणबाई होत्या, उजवीकडून. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की एचआयव्हीबरोबर ताठ मानेने जगणारी स्त्री. ती पुस्तिका ऑफिसात पोचण्याआधी, फोटो दिलेला माणूस म्हणून, तिच्या दोन प्रती थेट त्यांच्याच पत्त्यावर पोचल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी एक प्रत दोन दिवस गावभर मिरवली. दुसरी भावाला पाठवली. मला दाखवायला आल्या तेव्हा मी खालची ओळ वाचली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते यालाच. मी वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. त्यांनी आपल्या फोटोकडे बघितलं. मग मला असं बोलल्या की ते मी इथे लिहीत नाही. ते सगळं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात जाऊन तपासणी करून आल्या, आणि काही नाही असा कागद घेऊन गल्लीभर फिरल्या. टक्के साहेबांनी घरी येऊन हात जोडून माफी मागितली, पुस्तिका परत मागवल्या, दुरुस्ती छापली. पण दुरुस्ती दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत, आमच्या पाटीसारखी. त्या आठवड्यात घरमालकीणबाईंच्या भावाच्या नातवाचा वाढदिवस होता. कागद पर्समध्ये घालून त्या गेल्या आणि लवकर परत आल्या. आल्या त्या थेट माडीवर, माझ्या दाराशी येऊन बसल्या.

"मागच्या खोलीत वाढलं मला," त्या म्हणाल्या. "कागदी ताटात. सख्खा भाऊ आहे माझा. पाण्याचा पेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरला. मी म्हटलं, अरे मेल्या, मला बीपी आहे रे, बीपी! तर म्हणतो, असेल ना, तेही असेल."

मी म्हटलं, कागद दाखवला नाहीत?

"दाखवला. म्हणाला, तुझ्या त्या भाडेकरणीने करून दिला असेल."

मग गप्प बसल्या. भोंगा गप्प बसलेला मी पहिल्यांदा ऐकला. जरा वेळाने विचारलं, "तुला असं किती वेळा झालंय गं?" मी म्हटलं, मोजलं नाही. जेवण बहुतेक ठिकाणी चांगलं असतं. त्या उठल्या. खाली गेल्या आणि चहा घेऊन आल्या, दोन कप. त्यांच्या घरातला कप माझ्या हातात कधी आला नव्हता. पिऊन झाल्यावर दोन्ही कप उचलून नेले. ते विसळून कुठे ठेवले हे मी बघितलं नाही. (बघितलं. माडीच्या कठड्यावरून वाकून बघितलं. त्यांच्याच कपांत ठेवले.)

आता इथे सगळं ठीक आहे. डब्यांना आता कुणीच विचारत नाही, कारण सगळ्यांकडेच आहेत. शिवणवाली जांभळ्या डबीत हूक-बटणं ठेवते आणि बटणांच्या जुन्या डब्यात गोळ्या, खाली कापूस. वरून नवीन पत्र आलंय की या अनुभवातून काय शिकलात ते कळवा, टक्क्यांत. साहेब विचार करतायत.

पत्र फार लांबलं. तुमच्या मानेला ताण नको, दोन बैठकींत वाचा. भावोजींना नमस्कार, थोरलीच्या लेकरांना गोड पापा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : लग्नाला येते की नाही ते लिहायचं राहूनच गेलं. येते. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने. धाकटीसाठी शिवणवालीकडून एक पोशाख शिवून घेतला आहे. दोन्ही बाह्या आहेत.

दुसरा ता. क. : माझ्याबरोबर घरमालकीणबाई येतील. मी बोलावलेलं नाही. तुमचं पत्र त्यांनी माझ्या टेबलावर पाहिलं आणि मला वाचून दाखवायला लावलं. म्हणाल्या, "चल, मी येते. तिथे मला कोण ओळखतंय? निदान तिथे तरी चारचौघांत बसून जेवीन." त्यांना विहीणबाईंपासून लांब बसवा. त्या कुणाशेजारीही बसतात आणि नवऱ्यामुळे काय झालं ते पहिल्यापासून सांगतात.

तिसरा ता. क. : व्याही मंडळींसमोर मी आपण होऊन काही बोलणार नाही, ती काळजी सोडा. कुणी विचारलंच तर म्हणेन, फार आजारी होते, आणि आम्ही दोघी त्यांच्यापाशी होतो. हृदय मात्र म्हणणार नाही.

शेवटचा ता. क. : वन्सं, ह्यांच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही त्यांना चमच्याने पाणी पाजत होतात. एकदा ते झोपल्यावर तुम्ही तोच चमचा घेऊन त्यात आपलं खोकल्याचं औषध ओतलंत आणि घेतलंत. घाईत होतात, तुमच्या लक्षात आलं नसेल. मी बघत होते. म्हटलं, आता वन्सं दचकतील, चूळ भरतील. तुम्ही चमचा पुसलात आणि पुन्हा त्यांच्याच उशाशी ठेवलात. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. त्या चमच्याने तुम्हाला काही झालं नाही, आणि माझ्या शेजारी बसून तर मुळीच काही होत नाही. मला कोठीची खोली नको. हॉलमध्ये तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ठेवा. एवढी एकच ओळ लिहायची होती. बाकीचं पत्र तिला सोबत म्हणून लिहिलं, एकटीने तुमच्याकडे यायचा तिला धीर होत नव्हता.